जनरल लेबेद : जिंकत आलेलं युद्ध सोडलं की हरलेलं थांबवलं?

वाटसरू

चेचन्यावर, म्हणजे १९९० च्या दशकात रशियातून फुटू पाहणाऱ्या कॉकेशसमधल्या प्रदेशावर, बोलणं निघालं की रशियन जनरल अलेक्झांडर लेबेद यांच्याबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं : हातातोंडाशी आलेला विजय या जनरलने घालवला. मला हे साफ नामंजूर आहे. त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे चेचन्यातलं पहिलं युद्ध थांबवणारा ३१ ऑगस्ट १९९६ चा खासाव्युर्तचा करार, असं माझं मत आहे.

विजय आला होता कुठे? ६ ऑगस्टला, रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या शपथविधीला तीन दिवस उरले असताना, चेचेन लढवय्ये चेचन्याची राजधानी ग्रोझ्नीत घुसले. चौक्या, सरकारी इमारती वेढल्या गेल्या आणि हजारो रशियन जवान आत अडकले. त्यांच्या सुटकेला धाडलेल्या चिलखती तुकड्या रस्त्यांतच भाजून निघाल्या. त्यावर तिथल्या रशियन फौजेचे हंगामी प्रमुख जनरल पुलिकोव्स्की यांनी काढलेला तोडगा असा : नागरिकांनी ४८ तासांत शहर सोडावं, त्यानंतर तोफा आणि विमानं. बाहेर पडायची वाट ठरवून दिली ती स्ताराया सुंझाच्या बाजूची. चेचेन कुटुंबांना निदान डोंगरातल्या गावी नातेवाईक तरी होते. तळघरांत राहणाऱ्या रशियन म्हाताऱ्यांनी कुठे जायचं होतं? तेव्हा रशियाच्या सुरक्षा परिषदेचे सचिव असलेल्या लेबेद यांनी तो हुकूम रोखला आणि चेचेन सेनाप्रमुख अस्लान मास्खादोव यांच्याशी समोरासमोर बसून युद्धबंदी केली.

बरं, हा माणूस लढाईला बिचकणारा नव्हता. रियाझानच्या छत्रीधारी सैन्याच्या शाळेत घडलेला, अफगाणिस्तानात बटालियन चालवलेला, पुढे तुलाच्या १०६ व्या डिव्हिजनचा प्रमुख. युद्ध काय असतं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

भीमथडी

वाटसरू, ग्रोझ्नीबद्दल लिहिलंत ते खरं आहे. पण त्या करारात होतं काय तेही सांगा की! चेचन्याचा दर्जा काय, हा मूळ प्रश्न ३१ डिसेंबर २००१ पर्यंत पुढे ढकलला. सशस्त्र टोळ्यांच्या हातातली शस्त्रं काढून घेण्याची धड व्यवस्था नाही. सैन्य मात्र मागे घ्यायचं. पुढे काय झालं? माणसं पळवून खंडणी उकळण्याचा उघड धंदा. ऑगस्ट १९९९ मध्ये बासायेव आणि खत्ताब हे टोळीप्रमुख शेजारच्या दागेस्तानात शिरले आणि दुसरं युद्ध पेटलं. घाईत केलेल्या शांततेची किंमत पुन्हा ग्रोझ्नीनेच मोजली.

शिवाय हेतूचं काय? जून १९९६ च्या निवडणुकीत लेबेद साडेचौदा टक्के मतं घेऊन तिसरे आले. दुसऱ्या फेरीआधीच येल्त्सिन यांनी त्यांना सुरक्षा परिषदेचं सचिवपद दिलं, आणि त्याच दिवशी त्यांचे जुने वरिष्ठ, संरक्षणमंत्री ग्राचोव घरी गेले. पुढच्या अध्यक्षपदावर त्यांचा डोळा होता. शांतता हे त्यांच्या प्रचाराचं भांडवल झालं.

अनुराधा_जे

तुम्ही दोघंही ट्रान्सनिस्ट्रिया, म्हणजे मोल्दोवातून फुटलेली पट्टी, विसरलात. जून १९९२ मध्ये बेंदेरी शहरात मोल्दोवाचं सैन्य आणि फुटीरतावादी यांच्यात रक्तपात चालू असताना हेच लेबेद ‘कर्नल गुसेव’ या खोट्या नावाने फुटीरतावाद्यांची राजधानी तिरास्पोलला आले आणि तिथल्या रशियन १४ व्या लष्कराची सूत्रं हाती घेतली. जुलैच्या सुरुवातीला एका रात्री त्यांच्या तोफांनी मोल्दोवाच्या ठाण्यांवर मारा केला. २१ जुलैला मॉस्कोत युद्धबंदीवर सह्या झाल्या. रक्तपात थांबला, मान्य. पण एका स्वतंत्र देशाच्या जमिनीवर रशियन तोफांनी रेघ ओढली, आणि रशियन सैनिक अजून तिथून हललेले नाहीत. अशा माणसाला शांतिदूत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढे तिरास्पोलच्या नेत्यांना त्यांनी जाहीरपणे भ्रष्ट म्हटलं. पण ते नेते कुणाच्या तोफांच्या आडोशाने टिकले?

वाटसरू

अनुराधाताई, शांतिदूत हा शब्द माझा नाही. ट्रान्सनिस्ट्रियाचा हिशेब त्यांच्या नावावर राहणारच. माझं म्हणणं एवढंच की चार वर्षांनी त्याच सेनानीच्या हाती ग्रोझ्नीवरच्या तोफा आल्या आणि त्याने त्या डागू दिल्या नाहीत.

भीमथडी, हेतूबद्दल. लेबेद मूळचे नोव्होचेर्कास्कचे. जून १९६२ मध्ये मांस-लोण्याचे भाव वाढले म्हणून तिथल्या रेल्वे इंजिन कारखान्याचे कामगार रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. २६ माणसं मेली. लेबेद तेव्हा १२ वर्षांचे होते, त्याच शहरात राहत होते. सत्तेची हाव त्यांना होती, नाही म्हणत नाही. पण आपल्याच शहरावर बंदूक रोखली जाते म्हणजे काय, हे त्यांनी पोरवयात पाहिलं होतं, हेही विसरू नका.

आणि पुलिकोव्स्की राक्षस होते असंही मी म्हणत नाही. त्यांचा स्वतःचा अधिकारी मुलगा डिसेंबर १९९५ मध्ये त्याच युद्धात पडला होता. म्हणूनच तर निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेणं गरजेचं होतं.

रानवारा

वाटसरूंशी सहमत. अठरा-एकोणीस वर्षांची सक्तीच्या भरतीतली रशियन पोरं होती ती. त्यांच्या आया फोटो घेऊन चेचन्यात गावोगाव हिंडत होत्या, कुणी मुलाला शोधायला तर कुणी प्रेत न्यायला. त्यांना ‘आणखी महिनाभर लढलो असतो तर’ हे कुणी ऐकवून बघावं.

भीमथडी

रानवारा, त्या आयांबद्दल मलाही तेवढंच वाटतं. पण १९९९ नंतर गेलेल्या पोरांनाही आया होत्याच. जखम अर्धवट शिवून डॉक्टर निघून गेला, तर पुढच्या पू-रक्ताची जबाबदारी कुणाची?

वाटसरू

डॉक्टर निघून गेला नाही, त्याला हाकललं! गृहमंत्री कुलिकोव यांचा कराराला पहिल्यापासून विरोध. ऑक्टोबरात त्यांनी लेबेद यांच्यावर बंडाच्या कटाचा आरोप केला आणि १७ तारखेला येल्त्सिन यांनी लेबेदना काढून टाकलं. सहीला जेमतेम दीड महिना झाला होता. मे १९९७ मध्ये, तोवर चेचन्याचे अध्यक्ष झालेल्या मास्खादोव यांच्याबरोबर शांततेच्या तहावर सही केली ती खुद्द येल्त्सिन यांनी. १९९९ पर्यंत चेचन्यात उद्ध्वस्त घरं बांधायला, लोकांना कामधंदा द्यायला, मास्खादोव यांचे हात टोळीवाल्यांविरुद्ध बळकट करायला क्रेमलिनकडे जवळजवळ तीन वर्षं होती. लेबेद तेव्हा सत्तेबाहेर होते, १९९८ पासून सायबेरियात क्रास्नोयार्स्कचे गव्हर्नर. तिथेच एप्रिल २००२ मध्ये हेलिकॉप्टर विजेच्या तारांना अडकून कोसळलं आणि ते गेले.

भीमथडी

क्रेमलिनने ती वर्षं वाया घालवली, हे मान्य. तरी ज्या कागदात शस्त्रं खाली ठेवण्याची मुदत नाही, त्यावर सही करणाऱ्याला मी पूर्ण मोकळा सोडणार नाही. सैन्य काढून घेण्याच्या बदल्यात तेवढं एक कलम मागता आलं असतं.

अनुराधा_जे

कुणाकडून मागणार होते, भीमथडी? ऑगस्टात ग्रोझ्नी मास्खादोव यांच्या ताब्यात होतं. वेढ्यात रशियन फौज होती.