घर भाड्याने देताना आलेले अनुभव सांगा

माळरान
काल संध्याकाळी आईच्या सिंहगड रोडच्या फ्लॅटचा नवीन करार झाला. आता ऑफिसात जावं लागत नाही, करारवाला मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो. आईचा अंगठा काही केल्या उमटेना. भांडी, धुणी, पोळ्या यात रेघा झिजल्यात सगळ्या. कोमट पाण्याने हात धुतले, कोरडे पुसले, एकेक बोट लावून बघितलं आणि शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटावर काम झालं. त्या खटाटोपात आई म्हणाली, तुझ्या बाबांच्या वेळी नुसतं पावतीपुस्तक होतं रे.

तेव्हापासून सांगलीचं घर डोळ्यासमोर आहे. वरच्या दोन खोल्या भाड्याने असायच्या, बहुतेक बदलीवर आलेले बँकेतले नाहीतर एसटीतले लोक. बाबा एक तारखेला पावती फाडायचे, तिकीट चिकटवून सही करायचे. लाइटचा वेगळा सबमीटर होता, त्याचं रीडिंग भाडेकरूला जिन्यात बोलावून दोघांनी मिळून बघायचं आणि वहीत लिहायचं. कुणी घर सोडताना सामान टेम्पोत चढायच्या आधी बाबा त्यांच्याबरोबर प्रत्येक खोलीत जायचे, नळ सोडून बघायचे, खिडक्यांच्या कड्या लावून बघायचे, आणि डिपॉझिट तिथल्या तिथे हातात. कधी कुणाशी वाजलं नाही.

मी तेच करतो, फक्त मोबाइलवर. चावी देताना भाडेकरूसमोर सगळ्या घराचा व्हिडिओ काढतो, मीटरवरचा आकडा, गीझर चालू करून, फ्लशची टाकी, भिंतीवरचे आधीचे खिळे, आणि तो व्हिडिओ लगेच त्यालाच व्हॉट्सॲप करतो. ज्यांचा एकच फ्लॅट आहे आणि त्याच्या भाड्यावर आईवडिलांची औषधं चालतात अशा लोकांसाठी हा धागा आहे. लिहा मनमोकळं.

निशिगंध२
अंगठ्यासाठी आदल्या रात्री व्हॅसलीन चोळून झोपायचं आणि सकाळी साबणाने हात धुवायचे. सासूबाईंचं असंच झालं. आणि आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने देऊन या, पुढच्या वेळी त्रास नको.

ठाण्याचा_दादा
एजंट म्हणतात नोटरी करू, स्वस्तात होतं. अजिबात ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. नोंदणी नसेल आणि उद्या भांडण झालं तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंडाची तरतूद.
आणि खर्च तरी किती! स्टॅम्प ड्युटी पाव टक्का. समजा भाडं २० हजार, अकरा महिने, डिपॉझिट ६० हजार परत करायचं. एकूण भाडं दोन लाख वीस हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्याने धरलेलं व्याज मिळवायचं म्हणजे साडेपाच हजार, त्याचे पाव टक्का म्हणजे साडेपाचशेच्या जरा वर. नोंदणी फी शहरात १०००, ग्रामीण भागात ५००. बाकी करारवाल्याचे.
माझ्या काकांचा भाडेकरू मुदत संपून पण हलेना. करार नोंदवलेला होता म्हणून दिवाणी कोर्टाची पायरी चढायची वेळ आली नाही, कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. मुदतीनंतर राहील तितके दिवस दुप्पट भाडं लागतं हे वकिलाने त्याला कागदावर दाखवलं तेव्हा तो स्वतःहून चावी घेऊन आला. काकांचं तोवर झोपेचं खोबरं झालेलं.

गोदाकाठ
आमच्याकडे नाशिकला वरच्या मजल्यावर एक गुजराथी कुटुंब होतं, अजून दिवाळीला फोन येतो त्यांचा. माझं ऑपरेशन झालं तेव्हा डबा त्या ताईच द्यायच्या, त्यांचे थेपले म्हणजे... मुलगा इथेच लहानाचा मोठा झाला, माझ्या मांडीवर बसून बे एके बे म्हणायचा. गेले तेव्हा ओटा, मोरी, फरशी इतकी लखलखीत करून गेले की मला रडूच आलं. कुकर लावलाय, नंतर लिहिते बाकी

पमाताई
@गोदाकाठ थेपले मेथीचे का दुधीचे? मऊ राहायला काय घालायच्या त्या? माझे दुसऱ्या दिवशी वातड होतात.

गोदाकाठ
मेथीचेच. पीठ दह्यात भिजवायचं, पाणी अगदी नावाला. आणि तेलाचं मोहन सढळ.

एकटी_हिंजवडीत
मी भाडेकरू आहे, चालेल ना इथे लिहिलं तर? मागच्या घरात दोन वर्षं राहिले, भाडं कधी एक दिवस उशिरा नाही, आणि निघताना मालकांनी रंगाच्या नावाखाली अख्ख्या एका महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं. करारात एक अक्षर नव्हतं. बंगलोरला ही पद्धतच आहे म्हणे, पण तिथे आधी सांगतात तरी. राहत्या घराचा रंग थोडा मळणारच ना हो? ड्रिल मारून भोकं पाडली, काच फोडली तर जरूर कापा, बिल दाखवून कापा. आम्हाला नवीन घराचं डिपॉझिट आधी भरावं लागतं, जुनं अडकलं की उसने मागत फिरायचं. आताच्या घरच्या काकू मात्र देवमाणूस, रंग कोणी करायचा, नळ गळला तर कोणी बघायचं सगळं त्यांनी करारातच लिहून घेतलं.

माळरान
@एकटी_हिंजवडीत चालेल काय, लिहायलाच हवं होतं कुणीतरी. डिपॉझिट ही आपल्याकडे ठेवलेली दुसऱ्याची रक्कम आहे, बाबा ती पोस्टात वेगळी ठेवायचे आणि आईलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. मालकांनो, ती रक्कम खर्च करू नका हो, एफडी करून टाका.

खजिनदार_काका
सोसायटीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. भाडेकरू ठेवला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. सेवाशुल्काच्या म्हणजे अख्ख्या मेंटेनन्स बिलाच्या नव्हे, महापालिकेचा कर त्यातून वगळायचा. आमच्याच शेजारच्या सोसायटीत एका विधवा बाईंकडून दुप्पट मेंटेनन्स घेत होते, मी स्वतः आदेशाची प्रत नेऊन दिली तेव्हा बंद झालं. मुलगा, मुलगी, आईवडील असं जवळचं कोणी राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही. आणि पुणेकरांसाठी, मिळकतकरात जी ४० टक्के सवलत आहे ती स्वतः राहत असाल तरच. घर भाड्याने दिलं की ती जाते, त्यामुळे भाडं ठरवतानाच तो फरक धरा. भरलेला मिळकतकर भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं दाखवावी लागत नाहीत. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरता येते, ती भरून पावती जपून ठेवा.

न्यूजर्सीची_सई
काका, परदेशातल्यांसाठी पण सांगते. मालक एनआरआय असेल तर भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, साधारण ३१ टक्के, आणि भाडं कितीही कमी असलं तरी. भारतात राहणाऱ्या मालकांसाठी असते ती महिन्याला ५० हजारांची मर्यादा आपल्याला नाही. भाडेकरूला बिचाऱ्याला माहीतच नसतं आणि नोटीस त्याला येते. मी पहिल्याच भेटीत (व्हिडिओ कॉलवर 🙂) सांगते, त्याचा टॅन (टीडीएस भरायला लागणारा नंबर) काढायला माझे सीए मदत करतात, फी मी देते. भाडं एनआरओ खात्यातच (एनआरआयचं भारतातल्या उत्पन्नाचं बँक खातं). आणि भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र केलंय ते वकिलातीतून साक्षांकित करून पाठवलं, ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरावी लागते. हे लक्षात ठेवा, नाहीतर ऐन कराराच्या दिवशी अडतं. इथे रात्रीचा एक वाजलाय, झोपते.

निशिगंध२
सई, झोप गं. आणि बर्फ पडला का तिकडे?

पेठेतला
तुमचं सगळं वाचून हेवा वाटतोय. आमचा वाडा आजोबांच्या काळातला, भाडेकरू पण तेव्हापासूनचे. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ करता येते, पण मुळातलं भाडंच इतकं किरकोळ की वाढून वाढून किती वाढणार. सज्जाच्या तुळईला वाळवी लागली, त्या एका दुरुस्तीत वाड्याचं कित्येक वर्षांचं भाडं गेलं. पण माणसं म्हणाल तर माझ्या वडिलांना रात्री हॉस्पिटलात नेलं ते मागच्या खोलीतल्या जोशीकाकांनी, मी तेव्हा गावाला होतो. त्यांना बाहेर काढायचा विचार मनाला शिवत नाही. सगळ्यांना घरं मिळतील असा पुनर्विकास व्हावा एवढीच इच्छा आहे, बोलणी चालू आहेत.

ठाण्याचा_दादा
@पेठेतला होईल हो. फक्त प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्रफळ आत्ताच मोजून, दोघांच्या सह्या घेऊन ठेवा. पुढे सगळं घोडं तिथेच अडतं.

पमाताई
मधेच विचारते. आमच्या वरच्या फ्लॅटच्या भाडेकरूचा काल फोन आला, बेडरूमच्या स्लॅबमधून पाणी टपकतंय, पंख्याच्या वायरजवळ. वर गच्ची आहे. एक जण म्हणतो ब्रिकबॅट कोबा (गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा थर) करा, दुसरा म्हणतो केमिकल मारून देतो उद्याच. काय करू? त्यांना लहान बाळ आहे.

खजिनदार_काका
आधी त्या खोलीचा एमसीबी (मीटरजवळचा विजेचा खटका) पाडायला सांगा, आत्ताच फोन करा. पंखा, दिवा काही लावू नका म्हणावं. वर सोसायटीची सामाईक गच्ची असेल तर गळती थांबवणं सोसायटीचं काम आहे, सेक्रेटरींना आजच लेखी द्या आणि पोच घ्या. भर पावसात कोबाही होत नाही आणि ओल्या स्लॅबवर केमिकलही धरत नाही, उद्याच करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. सध्या गच्चीवर ताडपत्री घाला, पाणी जायच्या तोंडाशी पानं अडकलीत का बघा, निम्म्या वेळा तेच असतं. कोबा दिवाळीनंतर.

पमाताई
केला फोन, एमसीबी पाडला त्यांनी. बाळाला घेऊन आज आमच्याकडेच झोपायला या म्हटलंय. ताडपत्री आणायला हे गेलेत.