स्कॉटलंडचे जुने गोल्फ कोर्स की थायलंडचं रिसॉर्ट? दोनीकडं खेळलेल्यांनी सांगा

दारव्हेकर_फौजी

राम राम मंडळी. इथं गोल्फ खेळनारे किती हायेत माहीत नाई, पन असतील तं जरा मोकळं बोला. मी फौजेतून रिटायर होऊन आता दारव्ह्याकडं वावर पाहतो, सोयाबीन अन् तूर. गोल्फ फौजेतच शिकलो. आमचा कोर्स नऊ होलचा (भोक अन् तिथवरची वाट म्हंजे एक होल), ग्रीन (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) नावालेच, होते ते ब्राऊन, म्हंजे वाळूत जळकं तेल कालवून दाबलेले गोल, पट (चेंडू भोकाकडं ढकलायचा हलका फटका) मारायच्या आधी एक पोट्टं फळी ओढून लाइन साफ करून देये. उन्हाळ्यात फेअरवेवर (मधल्या पट्ट्यावर) गवत नाई, नुसती टणक जमीन, चेंडू पडला का गडगडत कुठल्या कुठं.

आता पोरगा स्कॉटलंडमंदी अ‍ॅबर्डीनले नोकरीवर हाये अन् तो म्हनते बाबा पुढच्या वर्षी या, तुमाले सेंट अँड्र्यूज, तिकडचं गोल्फचं जुनं गाव, दाखवतो. इकडं जुने युनिटवाले म्हनून रायले का थायलंडले चाल, पॅकेजमंदी हॉटेल, बग्गी, कॅडी (बॅग उचलनारा मदतनीस), जेवन सगळं, कोर्स हिरवागार, मधात तलाव. दोनी जमत नाई, एकाच खेपेचा पैसा हाये अन् तोबी तुरीले भाव भेटला तं. ओपन, म्हंजे तिकडची मोठी गोल्फ स्पर्धा, मी दरवर्षी टीव्हीवर पाह्यतो. खरं सांगू का, पिवळं गवत, काटेरी झुडपं, झाड एक नाई, मधातच माणूसभर खोल खड्डे, वरून पाऊस अन् वारा. लोकं यासाठी येवढे पैसे काऊन देतात? दोनीकडं खेळलेला कोनी असन तं सांगा, पुस्तकातलं नको.

परतवाडेकर

फौजीभाऊ, मी काही वर्षं एडिनबर्गले होतो तेव्हा तिकडे खेळलो, आणि ऑफिसच्या लोकांसोबत बँकॉकजवळच्या रिसॉर्टवरही खेळलो. तुम्ही ब्राऊनवर आणि टणक जमिनीवर शिकले ना, मग तुमच्यासाठी उत्तर सरळ आहे, स्कॉटलंड.

रिसॉर्टवर चेंडू हवेतच खेळवावा लागते. टीसमोर (पहिला फटका मारायची जागा) पाणी, ग्रीनसमोर पाणी, जमीन रोज पाणी पिऊन मऊ झालेली, चेंडू पडला तिथंच बसते. अंतर पाहा, तेवढ्याची क्लब (गोल्फची काठी) काढा, मारा, बग्गीतला स्क्रीन आकडाही सांगून देते. समुद्राकाठच्या जुन्या कोर्सवर, ज्याले ते लिंक्स म्हणतात, तिथं चेंडू पडल्यावर खेळ सुरू होते. खाली सगळी वाळू, वर बारीक फेस्क्यू गवत, कितीही पाऊस आला तरी पाणी थांबत नाही, जमीन टणक राहते, आणि सपाट तर वीतभर जागा नाही.

स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिकले एका होलवर मी ग्रीनपासून 40 यार्डावर होतो. वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायची क्लब, काढली. म्हातारा कॅडी काही बोलला नाही, वेज परत बॅगेत टाकली, पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायची क्लब, हातात दिला आणि बोटानं दाखवलं, होलकडे नाही, डावीकडच्या एका उंचवट्याकडे. मले वाटलं थट्टा करून राहिला. मारला. चेंडू उंचवट्यावर चढला, वरती जवळपास थांबलाच, मग उजवीकडे वळून हळूहळू उतरत गेला आणि होलच्या हातभर अलीकडे राहिला. असा शॉट मऊ कोर्सवर मारताच येत नाही, तिथं तो अर्ध्यातच मरते. त्याच कोर्सवर 13 व्या होलचं ग्रीन एका दगडी भिंतीच्या पलीकडे आहे, कमरेएवढी भिंत, तिच्यावरून मारा. आजचा कोणताही डिझायनर पहिल्या दिवशी जेसीबी लावून ती पाडून टाकेल.

खड्ड्यांचं म्हणता तर सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर 112 बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत, 14 व्या होलवरचा हेल बंकर 10 फुटाच्या आसपास खोल. कधी कधी त्यातून मुकाट्यानं मागच्या बाजूला मारून बाहेर यावं लागते. वारा तर असा की जाताना 150 यार्डाले 9 आयर्न (जवळच्या फटक्याची क्लब) पुरते आणि येताना 4 आयर्न (लांबच्या फटक्याची) मारूनही चेंडू पोचत नाही. 2015 च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजले ग्रीनवर ठेवलेले चेंडू वाऱ्यानं हलायले लागले म्हणून खेळ थांबवला होता, स्पर्धा सोमवारी संपली. म्हणून तिकडचे ग्रीन ते जास्त फास्ट (चेंडू घसरत जाईल असे) ठेवत नाहीत, टीव्हीवर ते बोर वाटते पण कारण हे आहे.

रजतनगरी_खामगाव

आमचा विरोध नोंदवून घ्या. स्कॉटलंडचं नाव निघालं की सगळे गोल्फवाले हात जोडून उभे राहतात. मी बायको-पोरं घेऊन गेलो होतो. ओल्ड कोर्सची लॉटरी असते, दोन दिवस आधी नाव टाकायचं, रोज टाकलं, एकदाही लागलं नाही. लागलं असतं तर सीझनमध्ये माणशी 300 पौंडाच्या वर फी, रुपये तुम्हीच करून पाहा. मग दुसऱ्या एका कोर्सवर खेळलो, नाव घेत नाही, पाऊस वरून नाही बाजूनं येत होता, चेंडू त्या पिवळ्या फुलाच्या काटेरी झुडपात गेला की गेला, हात घातला तर रक्त. बायको-पोरं हॉटेलच्या खिडकीत बसून टीव्ही पाहत होते. संध्याकाळी घरात कोणी बोले ना.

थायलंडले सकाळी लवकर सुरू केलं, दुपारी संपलं, बायको पूलवर, पोरं खूश, रात्री गरम जेवण. तिकडच्या कॅडी बाया ग्रीनची लाइन अशी वाचतात की आपण फक्त मान हलवायची. आणि बेटावरचं ग्रीन खेळले का कोणी? चारी बाजूनं पाणी, मारल्यावर चेंडू हवेत असताना पोटात जो गोळा येते तो मले त्या माळावर कुठंच आला नाही. फौजीसाहेब, या वयात भिजून निमोनिया करून घ्यायचा शौक असेल तर जा.

तण_नियंत्रक_अकोला

दोघांचंही पटलं, पण गवताचं नीट कोणीच बोललं नाही अन् माझा धंदाच तो आहे. शिक्षण अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, आता लॉन अन् मैदानाची कामं घेतो.

आपल्याकडच्या आणि थायलंड-दुबईकडच्या रिसॉर्टवर हिरवंगार जे दिसते ते बऱ्याच ठिकाणी बर्म्युडा असते. अन् बर्म्युडा म्हणजे आपली हरळी बरं, तीच, जी निंदता निंदता आपल्या बाया-माणसांची कंबर गेली. कोर्सवर तिचे बारीक पानाचे वाण लावतात, टिफड्वार्फ, टिफवे 419 वगैरे, ग्रीनवर रोज सकाळी 3-4 मिलिमीटरवर कापतात. जिथं पाणी खारट तिथं पॅस्पालम नावाचं गवत लावतात. धुऱ्यावरची हरळी मारायले आपण फवारणीचा खर्च करतो अन् तिचीच बहीण जगवायले तिकडे लाखोंचं खत-पाणी, याचं मले रोज हसू येते.

पण या गवताचं पान चिवट असते, त्यातून रोज पाणी, त्यामुळे ग्रीनच्या अलीकडे पडलेला चेंडू ते धरून ठेवते. फेस्क्यू थंड हवेचं, अकोल्याच्या मे महिन्यात त्याचा कोळसा होईल. म्हणून गरम देशातलं कोणतं रिसॉर्ट जाहिरातीत म्हणत असेल की आमचा कोर्स अस्सल स्कॉटिश, तर उंचवटे अन् खड्डे तसे असतील, चेंडू तसा धावणार नाही. यात रिसॉर्टवाल्याची चूक नाही, हवामान आहे ते. जमिनीचंही तेच. आपल्या काळ्या मातीवर कोर्स करायचा तर उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगलेली, ग्रीन टिकणार कसं? म्हणून अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनची पद्धत वापरतात, वर 12 इंच वाळूमिश्रित थर, खाली 4 इंच गिट्टी, त्याखाली पाइप. स्कॉटलंडमध्ये हेच सगळं समुद्रानं फुकटात करून ठेवलं आहे.

खामगाववाले, तुमच्या बेटाच्या ग्रीनचंही ऐका. ते सगळ्यात गाजलं फ्लोरिडातल्या सॉग्रासच्या 17 व्या होलमुळे, कोर्स 1980 चा, डिझाइन पीट डायचं. त्या जागी चांगली वाळू लागली, ती उकरून उकरून बाकीच्या कोर्सवर पसरली, राहिला मोठा खड्डा, तेव्हा बायको अ‍ॅलिस डाय म्हणाली की यात पाणी भर अन् ग्रीन बेटावर ठेव. अन् हा पीट डाय 1963 मध्ये स्कॉटलंड फिरून आलेला, रेल्वेच्या लाकडी स्लीपरच्या भिंती अन् खोल बंकर तिकडूनच उचलले. पाइनहर्स्ट नंबर 2, अमेरिकेतला नावाजलेला रिसॉर्ट कोर्स, तो बनवणारा डोनाल्ड रॉस तर स्कॉटलंडमधल्या डॉर्नकचाच पोरगा. म्हणजे भांडण सासर-माहेरचं आहे, दुसरं काही नाही.

आर्वीची_सून

खामगावच्या दादांना म्हणते, वहिनी खिडकीत बसल्या हा दोष कोर्सचा की तुमचा? सेंट अँड्र्यूजलाच, ओल्ड कोर्सच्या बाजूला, हिमालयाज नावाचं पटिंगचं मैदान आहे. नाव एकदम बरोबर, नुसत्या टेकड्या. तिथल्या बायकांनी 1867 मध्ये क्लब काढला, तेव्हापासून चालू आहे, आणि थोडेसे पैसे भरून कोणीही खेळू शकतं. आम्ही गेलो तेव्हा मी, सासूबाई आणि पोरं तिथे इतके रमलो की मिस्टर त्यांचा राउंड संपवून येऊन ताटकळत उभे. सासूबाईंनी साडीवर जर्किन घालून सगळे होल पूर्ण केले, मधे एका आजोबांनी थांबून त्यांना टाळ्या दिल्या.

दुसरं म्हणजे हे कोर्स बंद फाटकाच्या आतले नाहीत, मला तेच सगळ्यात आवडलं. ओल्ड कोर्सची जमीन तिथल्या कौन्सिलची, कारभार 1974 च्या कायद्याने झालेल्या ट्रस्टकडे. रविवारी एरवी खेळ बंद, मोठी स्पर्धा असली तरच चालू, गावातले लोक कुत्री घेऊन फेअरवेवर फिरतात. पहिल्या आणि अठराव्या होलमधून चक्क रस्ता जातो. आपल्याकडच्या ई-क्लास (गायरान) जमिनीसारखं धरा. 1552 च्या सनदेतच गावकऱ्यांना तिथे गोल्फ खेळायचा हक्क लिहून दिलेला आहे. अतिक्रमण झालंच नाही असं नाही हं. 1797 मध्ये गाव कर्जात बुडालं, जमीन गेली, आणि घेणाऱ्यांनी तिथे ससे पाळले! सशांनी सगळं उकरून टाकलं, गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात कोर्टकचेऱ्या, मारामाऱ्या, शेवटी 1821 मध्ये जेम्स चीप नावाच्या तिथल्याच जमीनदाराने ती जमीन घेतली तेव्हा ते थांबलं. तो स्वतः खेळणारा होता म्हणून बरं.

फौजीकाका, 300 पौंडाची भीती बाळगू नका. त्याच गावात ट्रस्टचे एकूण 7 कोर्स आहेत आणि बाकीचे ओल्डपेक्षा स्वस्त. वर उत्तरेला जाल तर ब्रोराला मेंढ्या-गाई कोर्सवर चरायची जुनी रीत, त्या ग्रीनवर चढू नयेत म्हणून प्रत्येक ग्रीनभोवती करंटची तार लावलेली असायची. इकडे आपण रानडुकरांसाठी झटका मशीन लावतो ना, तेच. हॅरिस बेटावर नऊ होलचा छोटा कोर्स आहे, तिथे पैसे टाकायला नुसता डबा ठेवलेला असायचा, माणूस कोणी नाही. रिसॉर्टमध्ये मीही गेले आहे, आराम मिळतो, नाही म्हणत नाही, पण परत आल्यावर कोणता होल कसा होता ते मला सांगता यायचं नाही.

दारव्हेकर_फौजी

सगळ्याइचे आभार. खामगाववाले भाऊ, भिजायची सवय हाये, पावसात उभं राहून ड्युटी केली हाये. पटरनं 40 यार्डावरून मारायचं वाचून तं हात शिवशिवून रायले.

आता सांगा कधी जावं? पोरगा म्हनते जूनमंदी या, रात्री दहापर्यंत उजेड रायते. पन जूनमंदी पेरनी सोडून मी कुठं जाऊ?

परतवाडेकर

मे महिन्यात जा. पूर्व किनाऱ्याले एप्रिल-मेमध्ये पाऊस त्यातल्या त्यात कमी, उजेडही रात्री नऊपर्यंत भरपूर, आणि तोपर्यंत तुमची तूर विकून झालेली असेल. पेरणीच्या आधी परत. थंडी वाजेल, गरम बनियन घेऊन जा. ओल्डच्या लॉटरीत पोराचं अन् तुमचं नाव सोबत टाका, निदान दोघं लागतात.

रजतनगरी_खामगाव

अन् नाही लागली तर इथं येऊन सांगा, आपण दोघं मिळून रडू.

तण_नियंत्रक_अकोला

फौजीकाका, हँडिकॅपचं (आपल्या खेळाची पातळी सांगणारं) सर्टिफिकेट आताच काढून ठेवा, ओल्डवर ते मागतात. तुमच्या जुन्या कोर्सच्या ऑफिसात चौकशी करा, अशा कागदाले वेळ लागते.

दारव्हेकर_फौजी

करतो. क्लब इकडूनच नेऊ का? पूर्ण सेटचं वजन विमानात लय होते म्हन्तात.

आर्वीची_सून

क्लब तिथे भाड्याने मिळतात काका, बूट मात्र स्वतःचे न्या, आणि नवे नको, पायात बसलेले. ओल्डवर बग्गी देत नाहीत, तब्येतीचं कारण असलं तरच, त्यामुळे सगळं चालतच करायचं आहे.