कमरेला पिस्तूल आणि समोर आपण : उघडपणे शस्त्र बाळगणाऱ्यांच्या देशातले अनुभव

पाटणकर_प्लेनो

यंदा मंडळाच्या गणपतीला शाळेचं सभागृह मिळालं नाही, म्हणून एक खाजगी हॉल ठरवला. कार्यकारिणीच्या बैठकीत दरवर्षी मोदकांच्या ऑर्डरवरून भांडण होतं. या वेळी ते दारावरच्या "शस्त्र आणू नये" या फलकावरून झालं. टेक्सासमध्ये शाळेच्या इमारतीत शस्त्र नेता येत नाही, त्यामुळे इतकी वर्षं हा विषयच निघाला नव्हता. खाजगी हॉलला मात्र फलक लावला नाही तर कोणीही कमरेला पिस्तूल लावून आरतीला उभा राहू शकतो, आणि ते कायदेशीर आहे. सचिव म्हणाले, फलक लावा. खजिनदार म्हणाले, म्हणजे आत सगळे निःशस्त्र आहेत अशी जाहिरातच की. तिसरे सभासद, ज्यांना आम्ही फक्त तबल्यासाठी ओळखत होतो, त्यांनी शांतपणे सांगितलं की ते गेली काही वर्षं आमच्या कार्यक्रमांना पिस्तूल घेऊनच येतात. शर्टाखाली असल्यामुळे कोणाला दिसलं नाही, इतकंच. (शाळेतल्या कार्यक्रमांना ते गाडीत ठेवायचे, असं त्यांनी घाईघाईने पुढे जोडलं.)

माझं निरीक्षण असं की आपण या विषयावर बोलतो ते टीव्हीवरच्या दोन पक्षांची वाक्यं उसनी घेऊन. अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची. मिलिशिया (नागरिकांची सशस्त्र दलं) आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क हे दोन्ही तिच्या एकाच वाक्यात कोंबलेलं आहे, त्यामुळे वकिलांना पिढ्यान्‌पिढ्या काम मिळालं. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी हा हक्क व्यक्तीचा ठरवला आणि २०२२ च्या ब्रुएन निकालाने तो घराबाहेरही नेला. हे सगळ्यांना माहीत आहे असं धरू. घरात कपाटात बंदूक असणं वेगळं आणि ती दिसेल अशी लावून बाजारात येणं वेगळं. हा धागा या दुसऱ्या प्रकारासाठी. स्वतः पाहिलेलं लिहा, ऐकीव नको. शाळांमधल्या गोळीबारांवर इथे नको. तो विषय मोठा आहे आणि त्यावर डोकं शांत राहत नाही.

सुगरण_ह्यूस्टन

२०१६ च्या जानेवारीपासून टेक्सासमध्ये परवानाधारकांना पिस्तूल उघड लावायची मुभा मिळाली. लांब बंदुका त्याआधीही चालत होत्या, हे आम्हाला त्या चर्चेतून कळलं! त्यानंतर थोड्याच दिवसांत किराण्याच्या रांगेत माझ्यापुढे साठीचे एक गृहस्थ होते. हातात अवोकॅडो आणि मांजराच्या खाण्याची पिशवी. उजव्या कमरेला तपकिरी चामड्याचं होल्स्टर, कडेला घासून पांढुरकं झालेलं. म्हणजे वस्तू नवी नव्हती, उघड लावणं नवीन होतं. माझी मुलगी ट्रॉलीत बसली होती, तिचं डोकं आणि ते होल्स्टर बरोबर एका उंचीवर. तिने बोट दाखवलं. त्यांनी मागे बघितलं, "सॉरी मॅम" म्हणाले आणि वळून डावी बाजू आमच्याकडे करून उभे राहिले. सभ्य माणूस होता यात शंका नाही. मी तरीही रांग बदलली.

२०२१ च्या सप्टेंबरपासून तर परवान्याचीही गरज उरली नाही. पण आमच्या भागात उघड पिस्तुलं मला तेव्हापेक्षा आता कमीच दिसतात. नव्याची नवलाई संपली असावी, किंवा माझ्या डोळ्यांना सवय झाली.

अण्णा_दुकानवाले

जॉर्जियात हायवेला लागून दुकान आहे माझं. सिटिझन झालो, रीतसर शिकलो आणि बाळगायला लागलो. शर्टाच्या आत. उघड लावायला इथे कायद्याची आडकाठी नाही, पण आमचा शिकवणारा माणूस जुना पोलीस, तो पहिल्याच दिवशी म्हणाला, दाखवून फिरणाऱ्याला दोन घोर असतात. दुकान लुटायला आलेला पहिली गोळी कोणाला घालेल? ज्याच्या कमरेला दिसतंय त्याला. आणि गर्दीत मागून कोणी हिसकलं तर? पोलिसांच्या होल्स्टरला त्यासाठी खटके असतात, अंगठ्याने एक दाबायचा, मग दुसरा ढकलायचा, तेव्हा पिस्तूल सुटतं. हौशी लोक नायलॉनचं स्वस्तातलं लावतात, त्यातून माझी आजीपण काढून घेईल.

गिऱ्हाईक पिस्तूल लावून आत आलं तर मी त्याचे हात बघतो. हातात कॉफीचा कप असेल तर बरं वाटतं.

आता खरं सांगतो, कोणाला राग येवो. कायदा म्हणतो माझा आणि त्या गोऱ्या गिऱ्हाइकाचा हक्क सारखा. मान्य. पण माझ्या रंगाच्या दाढीवाल्या माणसाने खांद्याला एआर-१५ रायफल लावून मॉलमध्ये चक्कर मारून दाखवावी. त्याने कायदा मोडलेला नसेल, तरी ९११ ला फोन गेलेला असेल. तो हक्क मला वापरायचाच नाही, आतला पुरे.

मूळचा_सांगलीचा

अण्णा, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर. ७ जुलै २०१६ ला माझं ऑफिस डॅलस डाउनटाउनमध्ये होतं. पोलिसांच्या गोळीबाराविरुद्ध मोर्चा होता. निघताना मी मोर्चात खांद्याला रायफली लावलेले काही जण पाहिले होते, बहुतेक कृष्णवर्णीय. कायद्याने चालत होतं, कोणी अडवलं नाही, पोलीस त्यांच्याशी बोलतही होते. रात्री एकाने गोळीबार करून पाच पोलीस मारले. घरी टीव्हीसमोर बसलो होतो आणि पडद्यावर फोटो आला, संशयित म्हणून. कॅमफ्लाजचा टी-शर्ट, खांद्याला रायफल. तो माणूस मोर्चातलाच होता. त्याने गोळीबार सुरू झाल्यावर आपली रायफल आपणहून पोलिसाच्या हातात दिली होती आणि नंतर तो निर्दोष म्हणून सुटला. पण तेवढ्या वेळात त्याचा चेहरा देशभर फिरला होता. नंतर डॅलसचे तेव्हाचे पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनीही सांगितलं की धावपळीत रायफलवाले लोक दिसले की कोण कोणाच्या बाजूचा ते कळणं अवघड होतं. "चांगल्या माणसाच्या हातात बंदूक असली की वाईट माणूस थांबतो" हे वाक्य मला कोणी ऐकवलं की तो फोटो आठवतो.

बे_एरियातली_वैदेही

थोडा इतिहास, कारण इथे त्याची जागा आहे. आमच्या कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड बाळगायला बंदी आली ती १९६७ मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचे लोक बंदुका घेऊन सॅक्रॅमेंटोच्या विधानभवनात शिरले होते. ओकलंडमध्ये पोलिसांच्या गाड्यांमागे ते तशाच उघड बंदुका घेऊन फिरायचे, आणि ते थांबवायलाच विधेयक आलं होतं. त्याच्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. पुढे नॅशनल रायफल असोसिएशनचे, म्हणजे बंदूकवाल्यांच्या संघटनेचे, लाडके झालेले तेच. त्यामुळे माझ्या लेखी या वादात पक्ष आणि तत्त्व दुय्यम आहे, बंदूक कोणाच्या खांद्याला आहे ते पहिलं.

एडिसनचा_राजा

न्यू जर्सीत एवढी वर्षं काढली, पोलीस सोडून कोणाच्या कमरेला पिस्तूल पाहिलं नाही. देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर पार्किंगवरून जी भांडणं होतात ती पाहता ही देवाचीच कृपा.

फेअरफॅक्सकर

इथे सगळे एकाच बाजूने लिहितायत म्हणून मी दुसरी लिहितो. २० जानेवारी २०२० ला आमच्या व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडला, बंदूकवाल्यांचा मेळावा झाला होता. सुमारे २२,००० लोक आले होते असा अंदाज नंतर छापून आला. दंगल होणार म्हणून गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केली होती. ऑफिसातला एक मित्र निघाला, मी कुतूहल म्हणून त्याच्याबरोबर गेलो. बायकोला "म्युझियमला जातो" असं सांगून.

कडाक्याची थंडी. विधानभवनाच्या आवारात शस्त्रबंदी होती, म्हणून कुंपणाच्या आत निःशस्त्र लोक आणि बाहेरच्या रस्त्यांवर रायफलवाले. इतक्या बंदुका मी आयुष्यात एकत्र पाहिल्या नव्हत्या, आणि पोटात गोळा आला होता हे कबूल. पण तासाभरात ओसरला. लोक एकमेकांना गोल नारिंगी स्टिकर वाटत होते. सगळ्यांच्या नळ्या खाली, बोट घोड्यापासून लांब. दंगल झाली नाही, जाताना लोकांनी कचराही उचलला.

एका आजोबांनी मला गाठलं. मी भारतीय हे कळल्यावर त्यांनी मला गांधीजी ऐकवले! इंग्रजांनी भारताला निःशस्त्र केलं हे त्यांच्या राज्यातलं सगळ्यात काळं कृत्य, अशा अर्थाचं. मला वाटलं थाप असेल. घरी येऊन पाहिलं तर आत्मकथेत आहे. रोख १८७८ च्या शस्त्रकायद्यावर. मात्र संदर्भ आजोबांनी सांगितला नाही: १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्याच सैन्यात भरतीसाठी हिंडत होते, त्या पत्रकातलं ते वाक्य. शस्त्र शिकायचं असेल तर भरती व्हा, हा त्याचा सूर. तरी आजोबांचा मूळ मुद्दा मला खोडता आला नाही. आपल्याकडे परवाना द्यायचा की नाही हे अजूनही साहेबाच्या मर्जीवर असतं, आणि ती सवय गोऱ्या साहेबाचीच आहे.

सुगरण_ह्यूस्टन

तुम्ही गेलात, बघितलंत, सुखरूप आलात, आनंद आहे. पण बावीस हजारांत एकाचं डोकं फिरलं असतं तर? शिस्त त्या दिवशी होती. किराण्याच्या रांगेत शिस्तीची हमी कोण देणार?

फेअरफॅक्सकर

ताई, गाडी चालवणाऱ्याची तरी कोण देतं. पण मुद्दा पोचला.

डॉ_वायोमिंग

गावाचं नाव देत नाही, इतकं लहान आहे की मी लगेच ओळखू येईन. व्हिसाच्या अटीमुळे डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करतो. शेरीफचा माणूस यायला रस्ता चांगला असेल तरी अर्धा तास, बर्फ असेल तर विचारू नका. इथे पिकअपमध्ये रायफल असणं म्हणजे आपल्याकडे शेतावर कोयता असण्यासारखं. कोणी वळूनही बघत नाही. दवाखान्याच्या दारावर "शस्त्र आणू नये" अशी पाटी आहे. एक रँचवाले आजोबा दर वेळी विसरून आत येतात. मग रिसेप्शनवरची बाई नुसती चष्म्यावरून बघते. ते "यस मॅम" म्हणून पट्टा सोडवत परत गाडीकडे जातात.

उघड बाळगलेल्या शस्त्राने जखमी झालेला माणूस माझ्याकडे अजून आलेला नाही. आले ते घरातल्या कपाटातल्या बंदुकीचे. २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या, आणि आमचं राज्य त्या यादीत कायम वरच्या बाजूला. त्यामुळे "बाजारात कोण लावून फिरतो" या वादात माझं मन रमत नाही. मी पेशंटला विचारतो, घरी बंदूक आहे का, कुलपात आहे का, किल्ली कोणाकडे. काही चिडतात. बरेच जण उत्तर देतात.

आणखी एक, आपल्या मुलांसाठी. एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक घ्यायला आणि जवळ ठेवायलाही बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद मिळतो. मित्र "चल रे रेंजवर" म्हणाले की हे विसरायला होतं, आणि रेंजवर हातात घेतलेली भाड्याची बंदूकसुद्धा त्यात येऊ शकते. ग्रीनकार्ड पडेपर्यंत हौस आवरा, नाहीतर आधी वकिलाला विचारा.

तबलजी

पाटणकरांनी वर उल्लेख केला तो मीच. माझी बाजू मांडतो. गुरुद्वारावर विस्कॉन्सिनमध्ये २०१२ साली हल्ला झाला, २०१७ मध्ये कॅन्ससात बारमध्ये बसलेल्या आपल्या इंजिनिअरला गोळी घातली. त्यानंतर मी परवाना काढला. आमच्या मंडळात दारावर पोलीस नसतो, त्याचे पैसे द्यायला सगळे कुरकुरतात.

फलकाचंही सांगतो, कारण बैठकीत कोणालाच नीट माहिती नव्हती. एका फलकाने भागत नाही. विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी टेक्सासच्या दंडसंहितेचं कलम ३०.०५, परवानाधारकाने लपवून आणू नये यासाठी ३०.०६, उघड आणू नये यासाठी ३०.०७. शेवटच्या दोन्हींतली वाक्यं कायद्याने ठरवून दिलेली, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच. आणि उघड बाळगण्याचा तर प्रत्येक दारावर हवा. मी सुचवलं की फक्त ३०.०७ लावा. उघड नको, पोरंटोरं असतात, मलाही ते आवडत नाही. लपवलेलं ज्याचं त्याच्यापाशी.

पाटणकर_प्लेनो

आणि तेच मंजूर झालं, सात विरुद्ध पाच. तोरण कुठे बांधायचं हा प्रश्न नंतर आला.

कुडाळचो_झील

मी ॲरिझोनात, मेसाला असतो. इथे उघड बाळगणं पूर्वीपासूनचं, कोणाला त्याचं काही वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं.

आमच्या घरी आजोबांची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची, रानडुकरं आणि माकडांसाठी. निवडणूक जाहीर झाली की ठाण्यातून निरोप यायचा, शस्त्र जमा करा. आजोबा शिव्या घालत ती गोणपाटात गुंडाळायचे, एसटीने तालुक्याला न्यायचे, आणि पावती पंचांगात ठेवायचे. निकाल लागेपर्यंत डुकरांची चैन. मला लहानपणी वाटायचं, आमच्या आजोबांवर सरकारचा विश्वास नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये इथे मेसात मतपत्रिका टाकायच्या पेटीजवळ दोन जण चेहरे झाकून, जाकिटं घालून, शस्त्रं लावून बसले होते. म्हणे पेटीवर लक्ष ठेवतायत. आम्ही मत टाकायला गेलो त्या दिवशी तिथे कोणी नव्हतं. तरी बायको गाडीतून उतरली नाही, दोघांचे लिफाफे मीच टाकले. १ नोव्हेंबरला न्यायाधीशांनी त्या पहारा देणाऱ्या गटाला मनाई केली: पेटीपासून २५० फुटांच्या आत उघड शस्त्र नको, चिलखत नको. ही बातमी वडिलांना फोनवर सांगितली, तर ते म्हणाले, "मगे जमा करून घेवक काय जाता?"

फेअरफॅक्सकर

व्हर्जिनियात २०२१ पासून मतदान केंद्राच्या ४० फुटांच्या आत बंदूक नेता येत नाही. मेळाव्याला माझ्याबरोबर आलेला मित्रसुद्धा या कायद्याच्या बाजूने आहे, मी विचारलं होतं.