कडक भाकरीचं युनिट टाकायचंय: पीएमईजीपी घ्यावं की पीएमएफएमई? आणि आरसेटीचं ट्रेनिंग कामाचं असतं का?

भाकरीवाली_मंगळवेढा

नमस्कार. मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात राहते. गेली तीन वर्षं घरीच ज्वारीच्या कडक भाकरी करून विकते. माझ्यासोबत बचत गटातल्या पाच जणी आहेत. सहा जणी मिळून दिवसाला ४०० भाकरी होतात, सगळ्या हातानं थापलेल्या आणि चुलीवरच्या. पाच भाकरींचं पाकीट ७० रुपयांना जातं. ज्वारी, सरपण, पाकीट, बायकांची मजुरी सगळं जाऊन पाकिटामागे १४ रुपये सुटतात. महिन्याला २,००० पाकिटं जातात, त्यातली निम्मी पुण्याला.

आता मशीन घ्यायचा विचार आहे, कर्जावर अनुदान मिळणाऱ्या सरकारी योजनेतून. पीएमईजीपी आणि पीएमएफएमई अशा दोन योजना ऐकल्यात. कोटेशनं अशी आलीत: भाकरी थापायचं मशीन आणि भट्टी मिळून सव्वाचार लाख, पल्व्हरायझर (पीठ दळायचं मशीन) ८५ हजार, पाकिटं बंद करायचा बँड सीलर आणि काटा ४० हजार. शेडची फरशी, पत्रे, थ्री फेज यांना दीड लाख. वर ज्वारी भरायला एक लाख. एकूण आठ लाख.

तालुक्याला एक जण भेटले. म्हणाले, पीएमईजीपीतून करून देतो, महिला आणि ग्रामीण म्हणून ३५ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार सरकार फुकट देतं. माझी फी १५ हजार, प्रोजेक्ट रिपोर्टसकट. मिस्टर म्हणतात देऊन टाक, कटकट नको. माझं मन होत नाही. कुणी स्वतः यातून गेलंय का? आणि आरसेटीत, म्हणजे बँकेच्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, दहा दिवस जाऊन बसण्यात काही अर्थ आहे का? दहा दिवस भाकरी बंद ठेवणं मला परवडत नाही.

उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आणि फूड लायसन दोन्ही काढलेलं आहे. उद्यमला नेट कॅफेवाल्यानं ८०० घेतले.

---

चटणीवाली_काकू

अगं, उद्यम फुकट असतं. आधार आणि पॅन नंबर टाकला की झालं. गेले ते ८०० गेले, पण ते १५ हजार अजून तुझ्या पदरात आहेत, ते सोडू नकोस.

मी पंढरपूर तालुक्यातली. मिरची कांडप आणि शेंगा चटणी. २०१९ ला पीएमईजीपी केलं, त्याआधी एकदा तोंडावर आपटले. ते आधी सांगते, कारण तू नेमकी त्याच उंबऱ्यावर उभी आहेस.

पहिल्या वेळी मीही असाच माणूस धरला होता. त्यानं जाडजूड फाइल करून दिली, स्पायरल बायंडिंग, वर गणपती. मॅनेजरसाहेबांनी उघडली आणि विचारलं, “काकू, महिन्याला २६ दिवस, रोज आठ तास मशीन चालणार असं लिहिलंय. तुमच्या गावात थ्री फेज किती तास असते?” मी गप्प. मग त्यांनी अजून चार पानं उलटली. कच्च्या मालाच्या यादीत मैदा आणि वनस्पती तूप! कुणा बेकरीवाल्याचा रिपोर्ट होता, वरचं नाव तेवढं बदललेलं. मॅनेजर हसले नाहीत, तेच जास्त लागलं. फाइल काखोटीला मारून परत आले.

नंतर आरसेटीत गेले. तू विचारतेस बसण्यात अर्थ आहे का. पापड-लोणची-मसाल्याचा दहा दिवसांचा कोर्स होता. जेवणखाण, राहणं फुकट. ही संस्था जिल्ह्याची लीड बँक चालवते, आपल्या सोलापूरला ती बँक ऑफ इंडिया. मसाला कुटायला मला कोण शिकवणार, ते मला येतच होतं. पण दोन गोष्टी अजून डोक्यात आहेत.

एक, रिंग फेकायचा खेळ. खुंटी रोवतात आणि सांगतात, किती लांबून फेकायची ते तुम्हीच ठरवा, जितकं लांब तितके गुण जास्त. माझ्या शेजारची बाई खुंटीला चिकटून उभी राहिली, सगळ्या रिंगा पडल्या, गुण नाहीत. मी हौसेनं पार मागं गेले, एकही पडली नाही. सर म्हणाले, तुमचा पहिला प्रोजेक्ट किती लाखांचा होता? मी म्हटलं, चौदा. ते नुसतं “हं” म्हणाले. दुसऱ्या वेळी मी सहा लाखांचा केला.

दुसरी गोष्ट, बाजार पाहणी. एक अख्खा दिवस वही देऊन बाजारात सोडतात. वीस दुकानं फिरायची, कोण कुणाचा माल ठेवतो, किती दिवसांनी पैसे देतो, परत आलेला माल कोण सोसतो, सगळं विचारून लिहायचं. मला वाटलं होतं चटणी खपते म्हणजे पैसे येतात. त्या दिवशी कळलं की दुकानदार ४५ दिवसांनी पैसे देतो आणि मिरचीवाला रोख मागतो. हे त्या गणपतीच्या फाइलीत कुठंच नव्हतं.

आता तुझ्या २ लाख ८० हजारांचं. ते “फुकट” आणि “देतं” हे दोन्ही शब्द खोडून टाक. माझा हिशोब सांगते. सहा लाखांचा प्रकल्प. महिला म्हणून माझे पाच टक्के, ३० हजार. बाकी ५ लाख ७० हजार बँकेनं कर्ज म्हणून दिले. कर्ज सुटल्यावर अनुदानाचे २ लाख १० हजार आले, पण माझ्या हातात नाही हं, बँकेतच माझ्या नावानं ठेव म्हणून तीन वर्षं पडून. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँकेनं व्याज लावायचं नसतं. तीन वर्षांनी माणूस येतो, युनिट चालू आहे का बघतो, योजनेच्या नावाचा बोर्ड लावलाय का बघतो, फोटो काढतो, मग ती रक्कम कर्जात वळती होते. मधेच धंदा बंद पडला तर ते पैसे परत सरकारकडे आणि पूर्ण कर्ज तुझ्या डोक्यावर.

आणि ते “व्याज लावायचं नसतं” हे आपणच बघायचं. माझ्या बँकेनं आठ महिने सगळ्या रकमेवर व्याज लावलं. पासबुक भरून आणून मी भाच्याकडून हिशोब करून घेतला, लेखी अर्ज दिला, तेव्हा परत मिळालं. आधी तोंडी तीनदा सांगितलं होतं, तेव्हा सगळे “हो काकू, बघतो काकू”.

म्हणून अनुदान नाहीच असं धरून हिशोब मांड. ज्वारीचे एक लाख बाजूला ठेवले आणि पदरचे पन्नास-पंचाहत्तर हजार घातले, तर सव्वासहा-साडेसहा लाख कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं, की हप्ता पावणेचौदा हजारांच्या आसपास बसतो. तुझे पाकिटामागे १४ रुपये. म्हणजे महिन्याची पहिली हजार पाकिटं नुसती बँकेसाठी. आज तू दोन हजार विकतेस. मशीननं चार हजार होतील, मान्य, पण घेणार कोण? मला आधी ते सांग. मशीन भाकरी थापतं, विकत नाही.

आणि एक. तू तीन वर्षं धंदा करतेस आणि उद्यमही काढलंय ना? मग पीएमईजीपीत अडकशील. ती नव्या युनिटसाठी आहे. “नवीन आहे असं दाखवू” असं तो एजंट म्हणाला असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

---

निवृत्त_बँकवाला

काकूंनी माझं निम्मं काम केलं. ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच ग्रामीण शाखांत. थोडं पुढचं लिहितो.

ताई, तुमच्यासाठी पीएमएफएमई जास्त योग्य. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, २०२० साली पाच वर्षांसाठी आली, मग २०२५-२६ पर्यंत मुदत वाढली. म्हणून अर्ज सध्या घेतात का ते आधी विचारा. आपल्याकडे ती कृषी विभाग चालवतो, जिल्हा उद्योग केंद्र नव्हे; लोक चुकीच्या दारात उभे राहतात. चालू असलेलं युनिट वाढवण्यासाठीही ती आहे. अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के. मात्र हे ३५ टक्के मशिनरी आणि मर्यादित बांधकामावर, ज्वारीच्या एक लाखावर नाही. तुमच्या सात लाखांवर २ लाख ४५ हजार होतात. एजंटच्या आकड्यापेक्षा ३५ हजारांनी कमी, आणि स्वतःचे ७० हजार घालावे लागतील, ४० नव्हे. इथंही रक्कम तीन वर्षं अडकूनच राहते.

रिपोर्टसाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. अर्ज भरून देणं, बँकेत पाठपुरावा करणं हे त्यांचं काम, आणि त्याचं मानधन त्यांना सरकार देतं. तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही.

ज्वारीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमची मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. चांगला माल तेव्हाच घेऊन ठेवावा लागतो, दिवाळीला घ्यायला गेलात तर भाव वेगळा. दिवसाला ८०० भाकरी करणार असाल तर एक लाखाची ज्वारी वर्षभर पुरणार नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. मशीनचं मुदत कर्ज वेगळं आणि ज्वारीसाठी कॅश क्रेडिट (लागेल तसं काढायचं, येईल तसं भरायचं कर्ज) वेगळं मागा. मशीन आलं आणि ज्वारीला पैसा नाही म्हणून झाकून ठेवलेली युनिटं मी पाहिली आहेत.

सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, आधी काढून बघा. गटातल्या मायक्रोफायनान्सच्या कर्जाचे हप्ते चुकले असतील तर ते तिथं दिसतात. तुमच्याएवढ्या सूक्ष्म उद्योग कर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. शाखेत “शेत लिहून द्या” म्हणाले तर हे शांतपणे सांगा. नाकारलं तर कारण लेखी मागा. आमच्यातले काही जण तोंडी “नाही” सहज म्हणायचे, लिहायची वेळ आली की फाइल पुन्हा उघडायचे. मीही केलंय हे, खोटं कशाला बोलू.

---

सांगोल्याचा_राजू

मुद्रा बघितलं का? पण त्यात अनुदान नसतं, नुसतं कर्ज.

मराठा समाजातल्या असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे. १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज परत मिळतं, साडेचार लाखांपर्यंत. हप्ता आधी आपण वेळेवर भरायचा, मग व्याजाचे पैसे खात्यात येतात. मी मुकलो. फ्लेक्स प्रिंटिंगला कर्ज आधी घेतलं आणि त्यांचं पात्रता पत्र नंतर काढायला गेलो. पत्र आधी, कर्ज नंतर, असा क्रम लागतो. दोन वर्षं झाली, अजून आठवलं की जेवण जात नाही.

---

भाकरीवाली_मंगळवेढा

सगळ्यांचे आभार. काकू, “नवीन आहे असं दाखवू” हे तो शब्दशः म्हणाला होता. मी इथं लिहिलं नव्हतं, लाज वाटली.

काल रात्री वही घेऊन बसले. पुण्याचे दोन दुकानदार आणि एक सोसायटीतल्या ताई, यांच्यापलीकडे माझं गिऱ्हाईक नाही. चार हजार पाकिटं जाणार कुठं, याचं उत्तर सापडलं नाही. मग असं ठरवलं: आत्ता फक्त पल्व्हरायझर, सीलर आणि शेड. भाकरी हातानंच. पीठ बाहेरून दळून आणण्यात रोजचा दीड तास आणि पाकिटामागे दोन रुपये जातात, ते वाचतील. दोन लाख पंचाहत्तर हजारांत बसतं. शिवाय पुण्याची गिऱ्हाइकं हातानं थापलेली म्हणूनच मागतात.

आमच्या सीआरपी ताई (बचत गटांचं काम बघणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्या) म्हणाल्या, अन्न प्रक्रिया करणाऱ्या गटातल्या बायकांना पीएमएफएमईतच प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, उमेद या राज्याच्या बचत गटांच्या अभियानामार्फत. आम्ही सहा जणी. ते ज्वारीला वापरता येईल का?

---

निवृत्त_बँकवाला

येईल. ते खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठीच असतं. फक्त अनुदान समजू नका, गटाला परत करायचं असतं. सहा जणींचे २ लाख ४० हजार होतात. मार्चच्या ज्वारीआधी मिळायचे असतील तर ठराव या महिन्यात करा.

---

चटणीवाली_काकू

आत्ता कसं! मशीन पळून जात नाही.

आरसेटीला मात्र जा. दहा दिवस पाच जणी थापतीलच की, तू नसलीस तर साडेतीनशे होतील. बाजार पाहणीच्या दिवशी चपला चांगल्या घाल.

आणि पावसाळ्यात तुझ्या भाकरी सादळतात का? माझ्याकडं चटणीबरोबर कडक भाकरी मागणारे चार दुकानदार आहेत, पण मागच्या बाईचा माल जुलैत वातड झाला म्हणून बंद केला. वीस पाकिटं पाठव. पैसे लगेच देते, ४५ दिवसांनी नाही.

---

भाकरीवाली_मंगळवेढा

साध्या पिशवीत सादळायच्या. जाड पिशवीत घालून सील केल्यापासून तक्रार नाही. उद्याच्या पंढरपूर एसटीनं पाठवते काकू. सोमवारी कृषी कार्यालयात जाणार आहे, काय म्हणतात ते इथंच लिहीन.