शनिवारचा पिक्चर आणि कॅथरीन दनव्ह

बी-३०२ काकू: शनिवारी रात्री ८ ला क्लबहाऊसमध्ये 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबुर्ग' लावतोय. १९६४ चा, कानच्या फिल्म फेस्टिव्हलला सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. कॅथरीन दनव्ह आहे, तेव्हा जेमतेम विशीतली. अख्खा पिक्चर गाण्यात आहे बरं का, पेट्रोल पंपावर सुपर भरू की साधं हेसुद्धा गाऊनच विचारतात

ए-१०४ दादा: ती पण फिल्मी घराण्यातलीच ना? आईवडील अॅक्टर, मोठी बहीण हिरोईन. म्हणजे तिकडेही हेच

बी-३०२ काकू: घराणं होतं, पण निर्माते-बिर्माते नव्हते हो. वडील नाटकात आणि पॅरामाऊंटच्या फ्रेंच डबिंगमध्ये, आई रने सिमोनो पण रंगभूमीवरची, हॉलिवूडच्या ऑलिव्हिया द हॅविलंडला फ्रेंचमध्ये हिचा आवाज असायचा. पडद्यामागे राबणारी माणसं. १९६० ला कॅथरीनला पडद्यावरच्या बहिणीचा रोल मिळाला तो त्या मोठ्या बहिणीमुळे, फ्रान्स्वाजमुळे, हे मात्र खरं. पण वडिलांचं आडनाव दोर्लेआक नाही लावलं, आईचं माहेरचं दनव्ह घेतलं

सी-५०१ ताई: फ्रान्स्वाजचं पुढे काय झालं?

बी-३०२ काकू: गेली गं. दोघी 'द यंग गर्ल्स ऑफ रोशफोर' या पिक्चरमध्ये जुळ्या बहिणी झाल्या होत्या, तो १९६७ च्या मार्चमध्ये लागला आणि जूनमध्ये नीसच्या विमानतळाकडे जाताना फ्रान्स्वाजची गाडी उलटून पेटली. २५ वर्षांची होती. मला अजून ती दोघींची नाचगाणी बघवत नाहीत

ए-१०४ दादा: अरेरे. बरं, शनिवारच्या पिक्चरात गाणी तिनेच गायलीत का?

बी-३०२ काकू: नाही, डॅनिएल लिकारीचा आवाज आहे. पण म्हणून कमी समजू नका, आपण तर प्लेबॅकवरच वाढलोय. स्टेशनवरचा सीन नीट बघा, तिचा प्रियकर अल्जीरियाच्या लढाईवर निघालाय, ट्रेन हलते आणि ही मागे राहते, तिथे श्वास कुठे घ्यायचा, मान कधी वळवायची सगळं आधी रेकॉर्ड झालेल्या गाण्याबरहुकूम आणि तरी कुठे खोटं वाटत नाही. ओळखीने पहिला रोल मिळतो, हे नाही मिळत

सी-५०१ ताई: आणि टिकली किती! 'द लास्ट मेट्रो' ला १९८१ मध्ये सीझर, म्हणजे फ्रेंच सिनेमाचा मोठा पुरस्कार, 'इंडोचाईन' ला परत सीझर आणि ऑस्करचं नॉमिनेशन. २०१९ ला तर शूटिंग चालू असताना स्ट्रोक आला, पिक्चरमध्ये कॅन्सर झालेल्या मुलाची आई होती ती, बरी झाल्यावर येऊन तो पूर्ण केला

ए-१०४ दादा: वय काय असेल तेव्हा

सी-५०१ ताई: ७६. आणि आई तेव्हाही हयात होती, २०२१ ला गेली, १०९ वर्षांची होऊन!!

ए-१०४ दादा: बापरे. मुलगी पण अॅक्टर आहे ना, इटालियन नट मास्त्रोयानीची?

बी-३०२ काकू: हो, किआरा. तिला मी पहिल्यांदा बघितलं नाही, ऐकलं, 'पर्सेपोलिस' या कार्टून पिक्चरमध्ये, मुलीचा आवाज किआराचा आणि आईचा कॅथरीनचा. आजीआजोबा डबिंगवाले, आणि आता आई आणि लेक माईकसमोर, मला फार भारी वाटलं ते

सी-५०१ ताई: मग पुढच्या महिन्यात तोच ठेवूया का

बी-३०२ काकू: ठेवू, पण इंग्लिश नको, फ्रेंचच, खाली सबटायटल. कारण फ्रेंचमध्ये आजीचा आवाज दानिएल दारियेचा आहे, 'रोशफोर' मध्ये या दोघी बहिणींची आई झालेली तीच, आणि त्या पिक्चरातल्या कलाकारांत स्वतःची गाणी स्वतः गाणारी ती एकटीच