सव्वादोन वर्षांचा मुलगा अंगावरचं सोडत नाही, कसं सोडवू? (बडोदा)

दांडियाबाजार
नमस्कार. मी नोकरीवर असते तेव्हा मुलगा आजीकडे वरणभात, थेपला, केळं सगळं नीट खातो, दुधाचं नावही काढत नाही. मी दारात चप्पल काढली की मात्र लगेच ओढणी धरतो. रात्री तीन-चारदा उठतो आणि प्यायल्याशिवाय झोपत नाही. फुलपात्रातलं दूध तोंडाशी नेलं की हाताने ढकलतो.

सासूबाई म्हणतात कडुलिंबाचा पाला वाटून लाव, एका रात्रीत सुटेल. मैत्रीण म्हणते त्याला इथे ठेवून चार दिवस माहेरी जा. दोन्हीला माझा जीव धजत नाही. पण झोप होत नाही, कामात लक्ष लागत नाही. ज्यांनी हळूहळू सोडवलं त्यांनी कृपया सांगा, सुरुवात कोणत्या वेळेपासून केलीत? रात्री कोणी सांभाळलं?

कारेलीबाग
ताई, आधी मनातून उशीर झाल्याची भावना काढा. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की पहिले 6 महिने फक्त अंगावरचं, आणि पुढे वरच्या अन्नासोबत 2 वर्षं किंवा त्याहून जास्त. सोडवायचं आहे ते तुम्ही थकलात म्हणून, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

तुमच्याकडे दुपारचा प्रश्न सुटलेलाच आहे. संध्याकाळचं पाजणं आधी काढा, रात्रीचं सगळ्यात शेवटी. आल्या आल्या नेहमीच्या जागी टेकूच नका. त्याला कडेवर घ्या, भरपूर जवळ घ्या आणि तसंच बाहेर पडा. आम्ही कमाटीबागेत जायचो. फुलांच्या घड्याळापाशी मुलगी काटा सरकायची वाट बघत उभी राहायची, आणि हातात सुखडीचा तुकडा असायचा. त्या वेळी तिला भूक असायची आणि आई हवी असायची, दोन्ही मिळालं की दूध मागायची नाही. मागितलंच तर झिडकारू नका, पण आपणहून देऊ नका.

एक वेळ सुटली की आठवडाभर थांबा, मग पुढची. सावकाश गेलं की अंगातलं दूधही आपोआप कमी होतं.

रात्रीसाठी घरात बाबा हवेत. "दिवा बंद झाला की दूध झोपतं, उजाडलं की उठतं," असं त्याला दिवसाउजेडी, हसतखेळत सांगत राहा. या वयात त्याला हे समजतं. पहिल्यांदा उठला की बाबांनी पाठ थोपटायची, पाण्याचा घोट द्यायचा. तो रडेल. पण बाबांच्या कुशीत रडणं वेगळं आणि एकटं पडून रडणं वेगळं. तुम्ही काही रात्री दुसऱ्या खोलीत झोपा.

मांजलपूर, दोन नातवंडांची आजी
सूनबाई, सासूबाई तुमच्या काळजीनेच बोलत असतील, आमच्या वेळी हेच करत. तरी कडू लावू नका. ज्या जागेवर मुलाचा सगळा विश्वास, तीच एकाएकी कडू का करायची? मिरची तर मुळीच नको, त्याच्या डोळ्यांत जाते आणि तुमचीही आग होते. आईने घर सोडून जाण्यातही तेच, दूध आणि आई दोन्ही एकाच दिवशी गेल्यासारखं त्याला वाटतं. त्यापेक्षा झोपवण्याचं काम सासूबाईंकडे मागा. अंगाई, गोष्ट, पायाला तेल. त्यांना मान मिळेल आणि मुलाला झोपेची दुसरी वाट सापडेल.

ताप, जुलाब, दाढा येणं यातलं काही चालू असेल तर थांबा.

रावपुरा, नर्स
थोडं तब्येतीचं. फुलपात्रातलं दूध नको म्हणतो तर मागे लागू नका, दही, ताक, पनीर, नाचणी चालेल. वरचं दूध दिवसाला 400 ते 500 मिलीच्या वर नकोच, पोट त्यानेच भरतं आणि लोह कमी पडतं. बाटली तर आता सुरूच करू नका, ती सोडवायचा नवा खटाटोप होईल. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना सरकारी योजनेतून लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा मिळतं, अंगणवाडीत किंवा आशाताईंना विचारा.

तुमची छाती दाटली तर बरं वाटेल इतकंच दूध हाताने काढा, पूर्ण रिकामी करू नका, नाहीतर पुन्हा तेवढंच येतं. थंड पाण्याची घडी ठेवा. घट्ट पट्टा बांधू नका. लाल झालं, गाठ दुखतेय, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. दूध आटवायची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. दूध सुटताना काही जणींचं मनही उदास होतं, ते शरीरातल्या बदलानेही होतं. लांबलं तर बोला.

दांडियाबाजार
सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांच्याशी बोलले, रात्री उठायला तयार आहेत. उद्यापासून संध्याकाळ. पण शनिवार-रविवारी मी दिवसभर घरात असते, तेव्हा दुपारी काय करू?

कारेलीबाग
त्याची दुपारची झोप रोजच्यासारखी आजीच्याच खोलीत होऊ द्या, आणि तुम्ही त्या वेळात खंडेराव मार्केटला भाजी आणायला निघा. "आई भाजी घेऊन येते" असं सांगून निघा, गुपचूप नको. घरात असाल तेव्हा गळाबंद कुर्ता घाला, पुढून उघडणारा गाऊन काही दिवस कपाटातच राहू द्या.