नावं पाठ होत नसतील तर पाठीवर शोधा

ताई, मसाजच्या कोर्सची परीक्षा तोंडावर आली तरी खांद्याच्या स्नायूंची नावं डोक्यात राहत नाहीत, वहीत दहादा लिहूनही, असं तुम्ही म्हणता. वही बाजूला ठेवा आणि घरातल्या कुणाच्या तरी पाठीवर हात ठेवा. मी यवतमाळकडच्या आमच्या खेड्यात आईच्या पाठीवरच शिकले. दिवसभर कापूस वेचून आली की ती ओसरीत बाजेवर पालथी पडायची. खवाट्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, एक आडवी कड बोटाला लागते. तिच्या वर सुप्रास्पायनेटस, खाली इन्फ्रास्पायनेटस. 'सुप्रा' म्हणजे वर, 'इन्फ्रा' म्हणजे खाली. त्याच्याही खाली, बाहेरच्या कडेला टेरेस मायनर. चौथा सबस्कॅप्युलॅरिस खवाट्याच्या बरगड्यांकडच्या अंगाला, म्हणून पाठीवरून तो हाती लागत नाही. हे ४ मिळून रोटेटर कफ, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू. बोटांनी एकदा सापडलेलं विसरत नाही.

हाताचं तंत्र सरावाने येतंच: आधी हृदयाच्या दिशेने लांबवर हात फिरवणं, मग कणकेसारखं मळणं.

खरा वेळ द्या तो हात कुठे लावायचा नाही, याला. गुडघ्यामागची खळगी आणि गळ्याची पुढची बाजू, इथे दाब नको. एकाच पायाची पोटरी सुजून गरम, लाल झाली असेल तर चोळायचीच नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. आपल्याकडे पाय सुजला की तेल कोमट करून रगडतात, मला त्याचीच धास्ती वाटते. शेजारच्या काकूंना तर मी हट्टाने, तेलाची वाटी हातातून काढून घेऊन, तालुक्याला डॉक्टरकडे पाठवलं होतं.